कुसुमताईंच्या ताटातली मोकळी जागा

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डब्यातला तिसरा बेसनलाडू खात होते. वय बहात्तर, आमचे हे गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही, लाडू माझेच. मग तिसरा की चौथा हे विचारणार कोण? मंजिरी म्हणाली, "सुधाकाकू, आई गेली. काल दुपारी. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही."

अशा वेळी काय विचारावं याची एक रीत असते. मी विचारलं, "काय जेवल्या होत्या गं?"

मंजिरी रडता रडता हसली. "ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि ताक. आणि काकू, ताट धुऊन पालथं घातलं होतं."

एक्याऐंशी वर्षांची बाई, स्वतःचं ताट धुऊन गेली. मी हातातला अर्धा लाडू डब्यात परत ठेवला. कुसुमताई समोर असत्या तर मला एक अक्षर बोलल्या नसत्या, नुसत्या लाडवाकडे बघत राहिल्या असत्या. त्यांचं बोलणं सोसायचं, न बोलणं सोसायचं नाही.

मी ॲम्स्टरडॅमजवळ उइटहॉर्नला ज्या रांगेतल्या घरात राहते, त्याच रांगेत तीन दारं सोडून मंजिरी राहते. कॉम्प्युटरवाली, हुशार, कायम घाईत. दहा-अकरा वर्षांपूर्वी तिने आईला नव्वद दिवसांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. एप्रिलच्या सुरुवातीला आल्या, जुलै उजाडताच गेल्या. माझी आणि त्यांची ओळख तेवढीच, तीन महिन्यांची. ज्यांच्याबरोबर मी चाळीस-चाळीस वर्षं भिशी लावली अशा बायकांची नावं आता आठवावी लागतात. ही बाई मात्र रोज माझ्या ओट्याशी उभी असते.

नाशिककडे मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्यांनी तीस वर्षं चालवलं होतं. मी पहिल्याच दिवशी "म्हणजे तुम्ही तिथे स्वयंपाक करायच्या होय?" असं पुणेरी गोडव्याने विचारलं, तेव्हा त्या तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "नाही सुधाबाई. स्वयंपाक चार बायका करायच्या. मी स्वयंपाकघर चालवायची."

दिसायला काटक, सावळ्या, खांद्यात ताठ. अंगावर सुती पाचवारी, पायात मंजिरीने घेतलेले पांढरे धावायचे बूट, वर जावयाचं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आणि समोर कोणी आलं की त्या नमस्काराच्या आधी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून आत बघत. वसतिगृहात दर महिन्याला प्रत्येक मुलीची पापणी बघायची, आत फिकं दिसलं की तिच्या ताटात काय जातंय ते तपासायचं, आणि तिला गावच्या दवाखान्यात पाठवायचं, ही तीस वर्षांची सवय. माझी पापणी ओढून म्हणाल्या, "लाल आहे. बरं चाललंय तुमचं." मग आमच्या ह्यांच्या पोटाकडे नजर गेली. "ह्यांचं जरा जास्तच बरं चाललंय."

आमच्या पलीकडे एक डच आजी राहायची, ऐंशीच्या पुढची. कुसुमताईंनी कुंपणावरून हात घालून तिचीही पापणी ओढली. मी घरात तोंडावर पदर घेतला. म्हटलं, आता पोलीस येणार. पण आजीला वाटलं, ही भारतातली भेटण्याची पद्धत असावी. तीही वाकली आणि तिने कुसुमताईंची पापणी खाली ओढली. पुढे तीन महिने त्या दोघी रोज सकाळी कुंपणाशी अशाच भेटत. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण एकमेकींच्या रक्ताची खबर दोघींना होती.

आता त्या वेळची मी कशी होते तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. ॲम्स्टेलव्हीनपासून उइटहॉर्नपर्यंतच्या मराठी घरांत माझा आग्रह प्रसिद्ध होता. सुधाकाकूंकडे जायचं तर आदल्या दिवशीपासून पोट रिकामं ठेवा, असं लोक म्हणायचे, आणि मला ती स्तुती वाटायची. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की तो शिष्टाचार, आणि बोटांच्या फटीतून वाढणं ही माया, अशी माझी पक्की समजूत. 'नको' हा शब्द साठ वर्षांत माझ्या कानांवर हजारदा पडला असेल. पण समोरच्याला खरंच नको असेल, ही शंका मला एकदाही आली नाही.

कुसुमताईंना मी जेवायला बोलावलं ते मायेने नव्हे. वसतिगृहाच्या वरणावर पोसलेल्या बाईला एकदा सदाशिव पेठेचा स्वयंपाक दाखवावा, असा तो बेत होता. दोन भाज्या, दोन कोशिंबिरी, अळूचं फदफदं, पुऱ्या, मसालेभात, बटाटेवडे, बासुंदी. त्यांनी सगळं एकदा नीट पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने ताट वाढून घेतलं. थोडा मसालेभात, बरंच फदफदं, कोशिंबीर, दोन पुऱ्या. ताटाचा चतकोर भाग मोकळा.

"अहो, ही जागा कशाला ठेवलीत?" मी म्हणाले.

"भूक परत येते ना. तिला बसायला."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी बासुंदीचं पातेलं घेऊन त्यांच्याच पाठीशी उभी राहिले. त्यांनी ताटावर हात धरला. "नको." मी म्हटलं, "एवढीशी." त्या म्हणाल्या, "नको." मी म्हटलं, "माझी शपथ आहे," आणि डावभर बासुंदी ओतली. ती गेली त्यांच्या हातावर. मनगटापर्यंत, बांगड्यांसकट.

कुसुमताई उठल्या, हात धुतला, बांगड्या पुसल्या, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझा हात जेवला, सुधाबाई. मी आधीच जेवले होते."

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मंजिरीला ऑफिस होतं आणि आईला बाजारात न्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी गेले. खरं कारण निराळं: ह्या बाईला इथल्या भाज्यांतलं काय कळणार ते बघायचं होतं.

त्यांना इथल्या भाज्यांचं नाव एकही ठाऊक नव्हतं, आणि कळत सगळं होतं. पान तोडायच्या, चावायच्या, डोळे मिटायच्या. "हे शिजायला वेळ घेईल. हे कच्चं खायचं. हे नुसतं पाणी आहे, दिसायला छान." बोराएवढ्या लाल मुळ्यांच्या जुड्या होत्या. इथला भाजीवाला जुडी देताना 'पाला काढू का' म्हणून विचारतो, आणि लोक हो म्हणतात. पिरगळून पाला क्रेटमध्ये फेकतो. कुसुमताईंनी ते पाहिलं, आणि एखाद्याने सोनं गटारात टाकावं तसा त्यांचा चेहरा झाला. सरळ जाऊन क्रेटपाशी बसल्या आणि पाला गोळा करू लागल्या. गाजराचा बाजूला, मुळ्याचा बाजूला, बिटाचा बाजूला.

भाजीवाला हसत मला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, घरी ससा आहे का म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आसपास ओळखीचं कोणी नाही ना, हे बघण्यात माझी मान फिरून दुखायला लागली होती.

"सांगा त्याला, पाच ससे आहेत. आणि पुढच्या आठवड्यात फेकू नको म्हणावं, बाजूला ठेव."

तो खरोखरच ठेवू लागला. बाजाराच्या दिवशी आम्ही दिसलो की काउंटरखालून पिशवी काढायचा. त्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी आमच्या ह्यांनी खाल्ली, आणि मला म्हणाले, "हे काय आहे? रोज का नाही करत?" पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला पहिल्यांदा आला, तोही मुळ्याच्या पाल्यावरून.

ह्या देशावर मात्र त्यांचा फार लोभ जडला. दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यात ताक मिळतं हे कळलं तेव्हा त्या कपाटासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. राईचा काळा पाव त्यांनी वास घेऊन पारखला आणि म्हणाल्या, "ही तर भाकरीची चुलत बहीण." त्यावर शेंगदाण्याची चटणी घालून खायच्या. सहाच्या ठोक्याला जेवणारी डच आजी त्यांना भलतीच शहाणी वाटे. "ती सायकल चालवते ऐंशीव्या वर्षी, ते उगाच नाही. अन्न अंगी लागलं पाहिजे, सुधाबाई, अंगावर बसता कामा नये." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नसत. ही त्यांची सभ्यता.

आणि मग सायली.

सायली माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणीची मुलगी. डेल्फ्टला पाण्याचं इंजिनिअरिंग शिकत होती, दुसरं वर्ष, प्रबंध चालू. पहिलं वर्ष पोरीने गाजवलं होतं. दर रविवारी गाडीने आणि मग बसने आमच्याकडे यायची, आणि मी तिला डबे भरभरून द्यायची. पुरणपोळ्या, गुलाबजाम, खारे शंकरपाळे. आई लांब आहे ना पोरीची! त्या हिवाळ्यापासून ती वाळायला लागली. केस गळायला लागले, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायला लागली. मार्चमध्ये डेल्फ्टच्या स्टेशनवर सायकल लावताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लोह फारच कमी निघालं, गोळ्या दिल्या. पण डोकं चालेना, प्रबंध पुढे सरकेना. जूनअखेरीला प्राध्यापक ठरवणार होते, काम सादर करण्याजोगं आहे की नाही. सायलीनं स्वतःपुरतं ठरवूनच टाकलं होतं. सगळं सोडून कोल्हापूरला परत. तिची आई मला फोनवर रडत म्हणाली, "पाठवून दे गं तिला. डिग्री गेली चुलीत, पोर तर राहील."

त्यावर मी काय केलं? डबे वाढवले.

एप्रिलच्या एका रविवारी सायली आली तेव्हा कुसुमताई माझ्याकडे होत्या. इथल्या घरांचे जिने ठाऊकच आहेत, शिडीचे भाऊ. सायली वर हात धुवायला गेली, आणि मधल्या पायरीवर पाऊल थांबलं. आम्ही खाली ऐकत होतो. थांबलं ते बराच वेळ थांबलं. कुसुमताईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

ती खाली आल्यावर त्यांनी पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मी म्हणाले, "बस हं सायली, तुझ्यासाठी मुद्दाम..." कुसुमताई माझ्याकडे वळल्या, पदराच्या गाठीतून एक लवंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही दाढेखाली धरा."

"माझी दाढ दुखत नाही."

"मला ठाऊक आहे. ती जाईपर्यंत काढायची नाही. आणि तोंड उघडायचं नाही."

बासष्ट वर्षांच्या गृहिणीला तिच्याच स्वयंपाकघरात कोणी असं सांगितलं, आणि तिने मुकाट्याने लवंग तोंडात धरली! का धरली ते मला आजही सांगता यायचं नाही.

कुसुमताईंनी सायलीपुढे भाजलेल्या शेंगांची टोपली ठेवली. "पोरी, एवढ्या सोलून दे. चटणीला हव्यात." बाजूला गुळाचा खडा, कोणासाठी म्हणून नव्हे, असाच. आणि स्वतः पाला निवडत बसल्या. खा म्हणाल्या नाहीत. काय झालं विचारलं नाही. वसतिगृहातल्या मुलींच्या गोष्टी सांगत राहिल्या. कोण कशी पळून गेली, कोणी स्वयंपाकघरात झोपायचा हट्ट धरला. सायली शेंगा सोलत होती. दहाव्या-बाराव्या शेंगेला तिने दाणे वाटीऐवजी तोंडात टाकले. मग गूळ. मी लवंग चावून टाकली.

अर्ध्या तासाने कुसुमताईंनी विचारलं, "पोरी, खरीखुरी भूक शेवटची कधी लागली होती?"

सायलीने शेंग खाली ठेवली आणि रडायला लागली. "आठवत नाही आजी. ताट दिसलं की भीती वाटते. संपवता आलं नाही तर समोरच्याला काय वाटेल म्हणून."

तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी मात्र टोपलीतली टरफलं मोजत होते.

गोळ्यांनी पोटात मळमळतं म्हणून तिने त्या चौथ्या दिवशीच बंद केल्या होत्या. कुसुमताई त्यावर पहिल्यांदा चिडल्या. "कोणाला विचारून? उद्या डॉक्टरला फोन कर, सांग सोसत नाही, दुसरी द्या. गोळी गोळीच्या जागी, भाजी भाजीच्या जागी. एकीने दुसरीचं काम होत नाही." जेवणाबरोबरचा चहा बंद झाला. भाजीवर लिंबू आलं. मोडाची मटकी आली. आणि माझ्या सोवळ्या चहाच्या पातेल्यात माझ्यादेखत अंडी उकडली गेली. माझ्या दाढेखाली त्या रविवारची नवी लवंग, मी बोलू शकले नाही.

दर रविवारी हेच. शेंगा, लसूण, पालक, काहीतरी सोलायला किंवा निवडायला. मग जेवण, स्वतः वाढून घ्यायचं, हवं तेवढं. सायली पहिल्यांदा दोन घास घ्यायची. कुसुमताई बघतही नसत. त्यांचं लक्ष फक्त जिन्याकडे. चौथ्या रविवारी सायली वर गेली आणि पाऊल थांबलं नाही. कुसुमताईंनी कुकरचं झाकण लावता लावता एवढंच म्हटलं, "हं."

आता माझं कर्तृत्व. मला राहवेना. सहा रविवार झाले, पोरीच्या हातात आपण काहीच दिलं नाही? सहाव्या रविवारी बसथांब्यावर सोडायला गेले तेव्हा जाकिटाच्या आतून डबा काढला. बेसनलाडू, वीस. "कुसुमताईंना सांगू नकोस. रोज दोन खायचे, माझी शपथ आहे." सायलीने डबा घेतला. थँक यू म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणे काम आहे. मग तिच्या आईचा निरोप आला: सायली तिकीट बघतेय.

मी जाऊन कुसुमताईंना सांगितलं. लाडवांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिरीकडून कागदावर लिहून घेतलं, कुठे उतरायचं, कोणती गाडी. आणि एकट्या डेल्फ्टला गेल्या. ज्या बाईला डच सोडा, इंग्रजीतलं 'येस'ही धड येत नव्हतं, ती. संध्याकाळी पाचला माझी घंटा वाजली. दारात कुसुमताई, हातात मंजिरीची चाकांची पिशवी. आत येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर एकेक डबा मांडायला सुरुवात केली. माझे डबे. पुरणपोळ्या, दिवाळीच्या करंज्या, तिळाची वडी, लाडू. फ्रीजमध्ये दगड झालेले. अकरा.

"पाच जणींमध्ये एक फ्रीज आहे. तिच्या वाट्याला एक खण. तो खण भरून हे. पालकाची जुडी ठेवायला जागा नाही. टाकवत नाही, तुम्ही एवढ्या मायेने दिलंय. खाववत नाही. म्हणून त्या खोलीत ती नूडल्स उकडून खाते आणि तुमच्याकडे यायची लाज वाटते."

मी म्हणाले, "मी तिच्यासाठीच..."

"नाही," कुसुमताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "वाढायची हौस तुमची. ती 'नको' म्हणत होती, तुम्हाला ऐकू आलं नाही. मलाही पहिल्या वर्षी ऐकू यायचं नाही. एक पोरगी पळून गेली वसतिगृहातून, मी ताट भरून वाढायची म्हणून. तेव्हापासून ऐकायला शिकले."

एवढं त्या माझ्याशी सलग कधीच बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी डबे उघडायला मला मदत केली. करंज्यांना गेल्या नोव्हेंबरचा वास येत होता. आम्ही दोघींनी ते सगळं फेकलं, आणि डबे धुऊन पालथे घातले. मी रडत होते. त्यांनी मला रडू नका म्हटलं नाही, फडकं दिलं. डबे पुसायला.

मी सायलीला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीला म्हटलं, "काही आणू नको, काही नेऊ नको. यायचं असेल तर ये. नसेल तर नको येऊस." ती म्हणाली, "काकू, शेंगा आहेत का?"

जून उजाडला. बाजारात शेंगांतले ताजे मटार आले, बिटाचे तांबडे पाले आले. तिच्या मोकळ्या झालेल्या खणात काय काय असतं त्याचे फोटो ती कुसुमताईंना पाठवायची, मंजिरीच्या फोनवर. पालक. भिजवलेले मूग. ताकाचा डबा. आठवड्यातून दोनदा मुगाची खिचडी करते म्हणाली, पाचही जणी बसून खातात. कुसुमताई फोटो मोठा करून करून बघायच्या, परीक्षकासारख्या. "कोथिंबीर पाण्यात ठेव म्हणावं. वाया जाईल." शाबासकी नाही. शाबासकी ती बाई देतच नसे. वसतिगृहातल्या कोणाला कधी दिली होती की नाही, देव जाणे.

व्हिसाचा शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. सायलीचे प्राध्यापक शुक्रवारी निर्णय देणार होते, पण शुक्रवारी तिचा फोन आला नाही, शनिवारीही नाही. मी दोनदा फोन हातात घेतला, दोनदा कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ठेवला. रविवारी सकाळी एक ओळ आली: 'सायकलने येते आहे.'

"सायकलने? डेल्फ्टहून?" आमचे हे म्हणाले. "अहो, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर आहे! आणि वारा बघा बाहेर!"

तीन महिन्यांत मी कुसुमताईंना अस्वस्थ पाहिलं ते एवढंच. पहिल्या तासात त्यांनी एकाच जुडीतला पालक दोनदा निवडला. मग ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुसला. मग दार उघडून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, जावयाचं जाकीट वाऱ्याने फुगलेलं. पलीकडची डच आजीही कारण न कळता त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

एक वाजता सायली वळणावर दिसली. तोंड लालबुंद, केस विस्कटलेले, नाकातून पाणी. सायकल कुंपणाला टेकवली, घरात आली, बूट काढले, आणि ओट्याकडे बघत म्हणाली, "काय आहे? मरणाची भूक लागली आहे."

तिने स्वतः वाढून घेतलं. वरण, भात, पालकाची भाजी, बिटाची कोशिंबीर, भाकरी. मग उठून परत वाढून घेतलं. मी दाढेखाली काहीही नसताना गप्प बसले होते. दुसऱ्या वेळच्या भाकरीवर, तोंडात घास असताना, ती म्हणाली, "हो म्हणाले सर. ऑगस्टमध्ये सादर करायचंय. फोनवर नव्हतं सांगायचं."

आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडले. तिची आई व्हिडिओवर आली, तीही ओरडली. कुसुमताई पेल्यात ताक ओतत होत्या. तो पूर्ण भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग पेला सायलीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "जाताना वाटेतल्या स्टेशनपर्यंतच सायकल मार. पुढे गाडीत टाक. दाखवायचं ते दाखवून झालं."

पहाटेच्या विमानाला पोहोचवायला मी जाणार होते. प्रत्यक्षात मी घोरत होते. मंजिरी घेऊन गेली. त्यानंतर कुसुमताई इकडे आल्या नाहीत. गुडघे बरे होते, पण वसतिगृहाने त्यांना परत बोलावलं होतं, नव्या बायकांना शिकवायला, आणि त्या शेवटपर्यंत तिथे जात राहिल्या. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी, चार-साडेचारला, वरच्या खोलीच्या खिडकीतून. त्यांना ठाऊक नव्हतं मी तिथे आहे.

सायली सायकल हातात धरून चालत होती, त्या शेजारी. नदीकडे वळणाऱ्या रस्त्यापाशी दोघी थांबल्या. सायली खाली वाकून नमस्कार करायला गेली, त्यांनी तिला मधेच धरलं आणि सायकलकडे ढकललं. ती निघाली. वारा आता पाठीचा होता. ती पेडलवर उभी राहून गेली, एकदाही न थांबता, झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत.

कुसुमताई तशाच उभ्या. मग त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यांनी उजवा हात उचलला, डाव्या खांद्यावरून मागे नेला, जेवढा पोहोचला तेवढा, आणि स्वतःचीच पाठ थोपटली. दोनदा. मग जाकिटाच्या बाह्या नीट केल्या आणि झपाझप घराकडे चालायला लागल्या.